काका आणि क्षिप्रेतली स्कूटर

चालू वस्तूंचा इतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा सापडायचा नाही, असं मी माझ्या चुलत सासऱ्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. पंखा नीट फिरतोय, नळाला पाणी आहे, दारातली मोपेड पहिल्या किकला सुरू होतेय, असं दिसलं की काकांचा चेहरा चुकून दुसऱ्याच्या बारशाला आलेल्या माणसासारखा होतो. इकडे तिकडे बघतात, चहा संपवतात आणि चपला शोधू लागतात. पण तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर घुरघुरून थांबला, तर चपला तिथेच राहतात. काका आत येतात ते आजाऱ्याच्या खोलीत वैद्य यावा तसे, पावलं न वाजवता. "कोणी हात नका लावू. कधीपासून असं करून राहिला? आवाज आधी बदलला का आधी गरम झाला?" मिक्सरच्या मालकिणीला चटणी वाटायची घाई असते. काकांना मात्र मिक्सरचं बालपणापासूनचं चरित्र हवं असतं. "चालू मशीन काय बोलणार गं? काहीच नाही. बिगडलं की मग बोलतं," हे त्यांचं नेहमीचं म्हणणं.

आमच्या सासरच्यांचे पूर्वज शिंदेशाहीत पागेवरचे कारकून म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. काका एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तीस-बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, पण त्यांच्या मते घराण्याचा व्यवसाय कधी बदललाच नाही. "आजोबांचे आजोबा घोड्याचं तोंड उघडून दात बघत आणि त्याची तबियत सांगत. मी इंजिनचा प्लग काढून बघतो. काम तेच आहे, घोडा तेवढा बदलला." उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका लग्नात ऐन मुहूर्ताला लाइट गेली आणि जनरेटरही सुरू होईना. मुलीचे काका म्हणून ज्यांनी अंतरपाट धरायचा, ते रेशमी कुडत्यात जनरेटरच्या मागे उकिडवे बसलेले सापडले. मुहूर्त टळत होता, गुरुजी हाका मारत होते, आणि काका जनरेटरवाल्याला शांतपणे विचारत होते, "मागच्या वेळी बंद पडला तेव्हा टाकी अर्धी होती का पाऊण?" लग्न शेवटी मोबाइलच्या उजेडात लागलं. लाइट परत आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका तेवढे खट्टू झाले होते, कारण त्यांना नुकताच कुठे तपास लागत होता.

त्यांचा एक नियम आहे, आणि त्या नियमापायी काकूंनी जे सोसलं ते काकूंनाच माहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदा काकूंची साबुदाण्याची खिचडी गोळा झाली. दुसरी बाई पाणी कमी घालून, साबुदाणा जास्त भिजवून, कढई बदलून मोकळी झाली असती. काकांनी तसं करू दिलं नाही. पहिल्या दिवशी फक्त पाणी, दुसऱ्या दिवशी फक्त भिजवण्याची वेळ, तिसऱ्या दिवशी फक्त कढई, असं करत सहा दिवस त्या घरात, कुणाचाही उपास नसताना, खिचडी झाली. सहाव्या दिवशी कळलं की दोष साबुदाण्याच्या दुकानाचा होता. टॉवर चौकातले आमचे डॉक्टर तर काका पायऱ्या चढताना दिसले की हातातलं पेन खाली ठेवतात. "तुम्ही दोन गोळ्या एकदम बदलल्या," काका तक्रार करतात. "आता मला बरं वाटून राहिलं. पण कोणत्या गोळीनं?" डॉक्टर म्हणतात, "आप ठीक हैं ना, बस." काकांना हे उत्तर अडाणीपणाचं वाटतं. बरं वाटण्यात त्यांना फारसा रस नसतोच.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा इथलं मराठी ऐकून पहिले काही दिवस नुसतीच हसत होते. इथे भाजी नसते, सब्जी असते. माणसं विचारत नाहीत, पूछतात. आणि सगळं काही सतत होऊन राहिलेलं असतं. लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी सासरच्या बायकांनी मला मधे बसवून चौकशी केली. एका आजेसासूबाईंनी विचारलं, "आणखी काय काय येतं तुला?" मी म्हटलं, "पोहता येतं." त्या खूश झाल्या. "पोहे? अगं पोहे तर आमच्याकडे रोज सकाळी!" मी म्हटलं, "पोहे नाही, पोहणं. नदीत. कृष्णेत शिकले मी." सगळ्या बायका एकदम आपापले पदर सारखे करू लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यात पंख्याचा रेग्युलेटर मांडीवर उघडून बसलेले काका मान वर न करता म्हणाले, "श्वास एकाच बाजूनं घेतेस का दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग बराबर. मानेवर लोड नाही येत."

आणि ते पुन्हा रेग्युलेटरमध्ये शिरले. माझ्या पोहण्यावर त्या घरात झालेली ही पहिली आणि शेवटची चर्चा. पुढे मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, पर्वस्नानाच्या दिवसांत घाटावर पहारा देणाऱ्या पोहणाऱ्यांच्या एका मंडळात गेले, तेव्हा कुरकुर करायला कुणाला सुरुवातच सापडली नाही. विषय काकांनी मानेवरच्या लोडपाशी मिटवून टाकला होता.

आता स्कूटरची गोष्ट. आमच्या मंडळाला कुणा हौशी गृहस्थानं आपली जुनी वॉटर स्कूटर देऊन टाकली. पाण्यावर धावणारी, मोटरसायकलसारखं हँडल आणि लांब सीट असलेली ती जपानी चीज बरीच वर्षं वापरलेली होती, पण मंडळात तिचं स्वागत नव्या नवरीसारखं झालं. आमचे प्रमुख, ज्यांना लहानथोर सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. मंडळात मीच वजनानं सगळ्यांत हलकी आणि शिकायला उतावळी, म्हणून ती चालवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी थंड असताना बटण दाबलं की स्कूटर लगेच सुरू व्हायची. घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भुर्रकन जायची. पण एकदा चांगली गरम झाली, आणि बंद करून दहा मिनिटं उभी ठेवली, की तिचा मूड जायचा. बटण दाबत राहा, ती नुसती खाकरायची. मग अर्धा-पाऊण तास थांबलं की आपली आपण सुरू, जणू काही झालंच नाही. आम्ही त्याला तिचा स्वभाव म्हणायचो. चहा प्यायचो, आणि ती निवायची वाट बघायचो.

एका अमावस्येच्या स्नानाला त्या स्वभावानं घात केला. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि क्षिप्रेला ओढ होती. मी एक फेरी मारून मधल्या धारेत इंजिन बंद करून थांबले होते, कारण घाटावर मंत्र चालले होते आणि इंजिनाच्या आवाजाबद्दल पंडे मंडळी आधीच नाराज होती. तेवढ्यात खालच्या बाजूनं आरडाओरडा झाला. स्नान करणाऱ्यांना धरायला पाण्यात लावलेली साखळी सोडून एक माणूस पुढे गेला होता. मी बटण दाबलं. स्कूटर खाकरली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो माणूस एकदा वर आला, मग दिसेनासा झाला. मी स्कूटर तिथेच सोडून उडी मारली आणि पोहत सुटले. मी पोचायच्या आधी एका नावाड्यानं वल्हं टाकून त्याला धरलं होतं, पण तो निळा पडला होता. घाटावर आणून त्याच्या पोटातलं पाणी काढलं, छाती दाबली, इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी तो वाचल्याचं कळलं. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. शाळेत शिट्टी वाजवायला तोंडाशी नेली तरी मला ते बटण आठवायचं.

मंडळाच्या बैठकीत उस्ताद म्हणाले, "ये मशीन पनौती है. भंगार में दे दो." मी म्हटलं, "स्कूटर द्या नाहीतर ठेवा, मी आता येणार नाही." घरी येऊन मी पोहण्याचा पोशाख कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला. संध्याकाळी काका आले. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. माझं सांत्वन करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते खुर्चीवर बसले, खिशातून छोटी डायरी काढली आणि म्हणाले, "गरम झाल्यावर लगेच बंद करून लगेच चालू केली, तर?"

"तर होते, काका."

"दहा मिनिटांनी?"

"नाही होत."

"आणि तासाभरानं?"

"होते."

काकांनी डोळे मिटले. चांगलं गाणं ऐकताना माणसं मिटतात तसे. "म्हणजे बंद केल्यावर त्या दहा मिनिटांत आतमध्ये काही तरी होऊन राहिलं आहे. ते काय, एवढंच बघायचं." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तू चुकली नाहीस. तुम्ही सगळे तिला स्वभाव म्हणून राहिले. मशीनला स्वभाव नसतो. कारण असतं."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून स्कूटर काकांच्या अंगणात आली आणि तिच्यामागून अर्धी गल्ली आली. एकानं बॅटरी बदला सांगितलं, दुसऱ्यानं प्लग, तिसऱ्यानं पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हटलं. देवास गेटजवळ बस दुरुस्त करणारा एक मिस्त्री म्हणाला, तीनही एकदम करून टाका, झंझटच नको. काकांनी त्याच्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तशी करुणा मी देवळातल्या मूर्तीच्याही डोळ्यांत पाहिलेली नाही. त्यांनी पहिली आज्ञा केली ती हँडलची लिंबू-मिरची काढण्याची. उस्ताद दुखावले. "बाबूजी, इससे क्या बिगड़ रहा है?"

"कल को मशीन चालू हो गई," काका म्हणाले, "तो मैं कैसे बताऊँ कि मेरे काम से हुई या मिर्ची से?"

मग त्यांनी उस्तादांना पुढचा प्रश्न केला. गरम असताना सुरू झाली नाही, की तुम्ही काय करता? उस्ताद अभिमानानं म्हणाले, "चोक देते हैं. मैं देता हूँ, फिर ये देती हैं, फिर जो आए वो देता है." काकांनी कपाळावर हात मारला. चोक ओढला की इंजिनात पेट्रोल जास्त जातं. गार इंजिनाला ते लागतं, गरम इंजिनाचा त्यानं घसा भरतो. "म्हणजे आधीच ठसका लागलेल्या माणसाला तुम्ही सगळे मिळून पाणी पाजून राहिले होते," ते म्हणाले. पण एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. चोक नंतरचा होता, पहिल्यांदा का अडते ते अजून कळायचं होतं. त्यांनी आधी गार इंजिनातला दाब मोजला, तो ठीक होता. मग बागेच्या नळीनं पाणी देत ती अंगणात जागच्या जागी चालवली, दहा मिनिटं थांबवली, पुन्हा बटण दाबलं. लगेच सुरू. तीन वेळा केलं, तीनही वेळा सुरू. "आंगणात शहाण्यासारखी वागते," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. इथे बोजा नव्हता, म्हणून ती खरी तापतच नव्हती. खरी तापवायची तर नदीत पळवायला हवी होती. त्यांनी डायरी मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"मी नेते ना उद्या सकाळी," मी म्हटलं. "जे होईल ते तुम्हाला येऊन सांगते."

"नाही," काका म्हणाले. "मी येतो."

सकाळी घाटावर काका आले ते पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून, शर्टावर केशरी लाइफ जॅकेट चढवून, गळ्यात सुतळीनं बांधलेला पान्हा आणि प्लास्टिकच्या पिशवीत डायरी. पायऱ्यांवरच्या लोकांना वाटलं नवीन पंथाचे कुणी साधू आले. ते माझ्या मागे बसले. मी म्हटलं, "काका, घट्ट धरा." त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. उस्ताद एका नावेतून मागे राहिले. मी स्कूटर सुरू केली आणि वीस मिनिटं वर-खाली पळवली. एरवी अखंड प्रश्न विचारणारे काका पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, इंजिन ऐकताहेत. मधल्या धारेत इंजिन बंद केलं आणि आम्ही थांबलो. काकांनी एका हातानं घड्याळ समोर धरलं. दुसरा हात माझ्या खांद्यावरून काही निघाला नाही. दहा मिनिटं झाली. मी बटण दाबलं. स्कूटर खाकरली.

"आली!" काका पुटपुटले. "बराबर आली."

नाव स्कूटरला खेटून उभी केली, मी पाण्यात उतरून बाजू धरली आणि काकांनी नावेत सरकून उस्तादांच्या मदतीनं सीट उचललं. तापलेल्या इंजिनातून त्यांनी पान्ह्यानं प्लग काढला, डोळ्यांजवळ नेला, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. आणि मग क्षिप्रेच्या मधोमध, भर सकाळी, माझे सत्तरी उलटलेले चुलत सासरे हात उंचावून ओरडले, "ओला! ओला आहे गं सूनबाई, टपकून राहिला आहे!" घाटावर दोन-चार जणांनी कारण न कळताच जयघोष केला. काकांनी दुसराही प्लग काढला, दोन्ही पुसून, कोरडे करून परत बसवले, सीट लावलं, आणि मला सांगितलं, चोक नको, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धर, मग बटण दाब. भसकन धूर निघाला आणि स्कूटर सुरू झाली. इंजिन अजून हाताला चटका बसेल इतकं गरम होतं.

परतताना, पुन्हा माझ्या मागे बसून, नावेतल्या उस्तादांना ऐकू जावं म्हणून, त्यांनी ओरडून सगळा हिशोब उलगडला. पुसल्यावर त्याच गरम इंजिनानं ठिणगी दिली, म्हणजे ठिणगी ठीक. त्याच बॅटरीनं फिरलं, म्हणजे बॅटरी ठीक. दाब कमी असता तर ते गरमागरम पेटलंच नसतं. पेट्रोल कमी पडत नाही, उलट बंद असताना आत जातंय. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं टाकीतलं पेट्रोल फुगतं, दाबानं पुढे सरकतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये त्याला अडवणारी बोटाच्या पेराहून लहान एक सुई असते, ती झिजली असणार. तासाभरानं ते उडून जातं आणि स्कूटर शहाणी होते. घरी जाऊन त्यांनी कार्ब्युरेटर उघडला, छोट्या हातपंपानं हवा भरून दाखवली. ती सुईपाशी धरली जाईना, हळूहळू निसटत होती. उस्ताद बराच वेळ ती सुई तळहातावर घेऊन बघत राहिले. "इतनी सी?" एवढंच म्हणाले.

काका हात धुवायला मागे गेले तेव्हा काकू मला ओट्याशी घेऊन गेल्या. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. "खरंच बसले ते पाण्यावर?"

"हो. माझ्या मागे. का हो काकू?"

काकू पाटावर बसल्या. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली आमच्या. पर्वणीला मी पाण्यात उतरते, हे चार पायऱ्या वर उभे राहतात. लोट्यानं अंगावर घेतात. घोटाभर पाण्यात कधी उतरले नाहीत. फार घाबरतात गं पाण्याला. काल रात्री जेवलेसुद्धा नाहीत."

मी माझ्या खांद्यांकडे बघितलं. कुडत्याखाली दोन्हीकडे त्यांच्या बोटांचे वळ उमटले होते.

इंदूरहून नवी सुई आणि तिचं बूड मागवून बसवल्यावर काका म्हणाले, आता पुन्हा नदीत जाऊ. मी म्हटलं, "या वेळी मी एकटी जाते काका, तुम्ही पायरीवर बसा." त्यांनी मला वेड्यात काढलं. "आणि नोंद कोण करणार?" ते आले. पुन्हा तेच लाइफ जॅकेट, तीच मुकी वीस मिनिटं, तीच दहा मिनिटांची वाट. बटण दाबताच स्कूटर सुरू झाली. मला वाटलं, झालं. काका म्हणाले, एकदा झालं म्हणजे झालं नाही. सलग तीन सकाळी ते माझ्या मागे बसले. तिसऱ्या दिवशी पाण्यावर बसून डायरीत लिहिलेली शेवटची ओळ त्यांनाच नंतर वाचता आली नाही. मी काही माहीत असल्याचं दाखवलं नाही. पोहण्याचा पोशाख मात्र कपाटातून काढून पुन्हा दोरीवर वाळत घातला.

कार्तिकातल्या पौर्णिमेला तो प्रसंग आला. मी फेरी मारून मधल्या धारेत इंजिन बंद करून बसले होते. पाच-दहा मिनिटं झाली असतील. पलीकडच्या टोकाला एक बाई शेवाळावरून घसरली आणि तिचा नवरा पायरीवरून नुसता ओरडत राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. मी बटण दाबलं आणि दाबतानाच कळलं की माझा अंगठा बधिर झाला आहे. इंजिन लगेच बोललं. तिथवर जायला किती वेळ लागला कोण जाणे, पण मी पोचले तेव्हा तिची ओढणी अजून पाण्यावर होती आणि तिची मूठ त्या ओढणीत. मी इंजिन बंद करून तिला दंडाला धरून वर ओढलं. ती खोकली. तो खोकला ऐकून मला जे रडू आलं, ते तिला किनाऱ्याला लावेपर्यंत थांबलं नाही.

आठवड्यानं ती आणि तिचा नवरा पेढे घेऊन माझा पत्ता शोधत आले. देवासकडच्या एका खेड्यातली माणसं. मी त्यांना तशीच काकांकडे घेऊन गेले आणि म्हटलं, पेढे यांना द्या. बाई काकांच्या पाया पडायला वाकली तशी काका दोन पावलं मागे सरले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "मैंने क्या किया? एक सुई बदली," ते म्हणाले. आणि बाईनं भाबडेपणानं विचारलं, "सुई?" झालं. काकांनी जुनी सुई कागदाच्या पुडीतून काढली, डायरीत चित्र काढलं, टाकी, नळी, कार्ब्युरेटर, उष्णता, दाब, सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास. नवरा-बायको हात जोडून ऐकत होते. काकांचं बोलणं संपलं तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "समझ में तो कुछ नहीं आया बाबूजी. पर मैं घर लौट आई."

काकांनी डायरी मिटली. जुनी सुई पुन्हा पुडीत बांधली. प्रश्न नसलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

ती माणसं गेल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मी धीर करून म्हटलं, "काका, काकूंनी सांगितलं मला. पाण्याचं."

"हूं."

"लहानपणी काही झालं होतं का? कुणी बुडालं होतं?"

"नाही गं. काहीच नाही झालं." ते जरा ओशाळून हसले. "तेच तर. पुष्कळ सोचलं मी. वय झालं शोधून शोधून. कारणच नाही सापडत. नुसती भीती वाटते."

"मग आलात कशाला? मी नोंदी आणल्या असत्या तुम्हाला."

आत काकू पेढ्यांचा डबा उघडत होत्या. मग काका म्हणाले, "तू एकटी जात होतीस ना."

त्यानंतर मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण काकूंनी पुढे केलेला पेढाच मी तोंडात टाकला, आणि ती वेळ निघून गेली. पुढेही मानता आले नाहीत. घरच्या माणसाला एवढं मोठं काही समोरासमोर कसं म्हणायचं ते आपल्याकडे कुणाला येतं? म्हणून हे लिहून काढलं. काकांचे गुडघे आता घाटाच्या पायऱ्या मानत नाहीत, ते नदीकडे येत नाहीत. मी अजून जाते. पर्वाच्या सकाळी मधल्या धारेत इंजिन बंद करून एकटीच बसलेली असते, स्कूटर लाटेवर जराशी हलत असते, घाटावरून मंत्र ऐकू येत असतात. सीट चांगलं लांब आहे, एकटीनं ऐसपैस बसता येईल. पण मी नकळत पुढेच सरकून बसते, मागे कुणाला तरी जागा व्हावी इतकी.